लेकीचा घटसर्प आणि आठ बाटल्या सिरम

2022 सालच्या नोव्हेंबरमध्ये माझ्या सात वर्षांच्या मुलीला घटसर्प झाला. मी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. आरोग्य खात्याचे पथक शाळेत लसीकरणासाठी येते, तेव्हा मुलांच्या रांगा लावणे, रडणाऱ्यांना मांडीवर घेऊन बसणे आणि यादीवर खुणा करणे हे काम गेली बारा वर्षे माझ्याकडेच आहे. हे आरंभीच सांगून टाकते, कारण पुढचे सगळे लिहिताना मला सर्वांत जड गेलेली गोष्ट तीच आहे.

आम्ही मोहोळ तालुक्यातील एका गावात राहतो. एका रविवारी संध्याकाळी मुलीने दूध-भाकरीचे दोन घास खाऊन ताटली बाजूला सारली आणि गिळताना दुखते असे सांगितले. अंगात शंभराच्या आसपास ताप होता. सोमवारी गावातल्या दवाखान्यात नेले. तिथे जीभ बाहेर काढायला सांगून घसा पाहिला गेला, टॉन्सिल सुजल्याचे निदान झाले आणि पाच दिवसांचे सिरप मिळाले. थंडीच्या तोंडावर घसा धरलेली मुले ज्या दवाखान्यात रांगेने येतात, तिथे एका मुलीच्या घशात टॉर्च टाकून मागपर्यंत पाहिले गेले नाही, याचा राग मला पुढे बरेच दिवस होता. आता तो पूर्वीसारखा नाही, पण एक दिवस वाया गेला ही वस्तुस्थिती त्यामुळे बदलत नाही. मंगळवारी तिच्या तोंडाला वास येऊ लागला. ओले फडके कोपऱ्यात पडून कुजावे तसा, आणि त्यात किंचित गोडसरपणा. मी मीठ-पाण्याच्या गुळण्या करायला लावल्या. बुधवारी सकाळी वेणी घालताना लक्षात आले, की तिच्या जबड्याची कडच दिसेनाशी झाली आहे. कानापासून गळ्यापर्यंत सगळे एकसारखे सुजले होते आणि गळ्यातला काळा दोरा कातडीत रुतला होता.

मोहोळच्या बालरोगतज्ज्ञांनी लाकडी पट्टीने जीभ दाबून टॉर्च टाकला, काही क्षण ते काहीच बोलले नाहीत आणि मग त्यांनी मलाही वाकून पाहायला सांगितले. दुधाची साय करपून पातेल्याच्या कडेला घट्ट चिकटते, तसा एक करडा पापुद्रा दोन्ही टॉन्सिल झाकून पडजिभेवर चढला होता. त्यांनी कापसाची काडी त्याच्या कडेला जेमतेम लावली, तर तिथून रक्त आले. त्यांनी हात लगेच मागे घेतला आणि लसीचे कार्ड मागितले. कार्डाचा फोटो माझ्या मोबाइलमध्ये होता. पहिल्या वर्षातले तिन्ही डोस झालेले होते. दीड वर्षाच्या बूस्टरच्या दिवशी तिला ताप होता म्हणून तो पुढे ढकलला आणि मग राहूनच गेला. पाच वर्षांचा डोस 2020 मध्ये यायचा होता. त्या वर्षी उपकेंद्रातले लसीकरण काही काळ बंद होते, नंतर ते सुरू झाले, तेव्हा आम्हीच घराबाहेर पडायला घाबरत होतो. कार्डावर दोन चौकटी कोऱ्या होत्या. डॉक्टरांनी त्यावर एक शब्दही काढला नाही. "बाई, रिपोर्टची वाट बघत बसायचं नाही. आत्ताच्या आत्ता सोलापूर गाठा," एवढेच म्हणाले आणि चिठ्ठीवर निदानाच्या पुढे प्रश्नचिन्ह न टाकता रोगाचे नाव लिहिले.

सोलापूरच्या रुग्णालयात आम्ही दुपारी बाराच्या सुमारास पोहोचलो. तिला वेगळ्या खोलीत ठेवण्यात आले. घशाचा स्वॅब घेतला गेला, पेनिसिलिन सुरू झाले, छातीला तारा चिकटवून ईसीजी निघाला. मला वाटले, औषध सुरू झाले म्हणजे आता उतार पडेल. तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी केसपेपरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पेनाने एक आकृती काढून मला जे समजावले, ते मी इथे सविस्तर लिहिते, कारण पुढच्या चाळीस दिवसांचा अर्थ मला त्या आकृतीतूनच लागत गेला.

घटसर्पाचे जंतू घशाच्या बाहेर फारसे जात नाहीत. ते तिथेच वाढतात, मेलेल्या पेशींचा तो पापुद्रा तयार करतात आणि एक विष रक्तात सोडत राहतात. आजार धोकादायक होतो तो या विषामुळे. विषाच्या रेणूचे दोन भाग असतात. एक भाग पेशीच्या दाराला हात घालतो आणि दुसरा त्या दारातून आत शिरतो. आत शिरलेला भाग पेशीचे प्रथिने बनवण्याचे काम बंद पाडतो आणि पेशी मरते. पेनिसिलिन जंतूंना मारते, त्यामुळे नवीन विष तयार होणे थांबते. जे विष आधीच रक्तात उतरले आहे, त्याला पेनिसिलिन हातही लावू शकत नाही. त्यासाठी प्रतिपिंडे, म्हणजे अँटीबॉडीज, लागतात. ती रक्तात फिरणाऱ्या विषाला चिकटतात आणि त्याचा पेशीच्या दाराला लागणारा हात अडवून धरतात. ज्या विषाने दार ओलांडले, त्याच्यापर्यंत मात्र प्रतिपिंडे पोहोचू शकत नाहीत. आकृतीत डॉक्टरांनी पेशीच्या वर्तुळाबाहेर बरेच ठिपके काढले होते आणि आत तीन-चार. बाहेरच्या ठिपक्यांवर पेन टेकवून ते म्हणाले, "हे आपल्या हातातलं आहे. आतलं नाही. आणि दर तासाला बाहेरचं आत जातंय."

या प्रतिपिंडांच्या औषधाला रुग्णालयात सगळे 'एडीएस' म्हणत होते, म्हणजे अँटी-डिप्थेरिया सिरम; डिप्थेरिया म्हणजे घटसर्प, आणि सिरम म्हणजे रक्तातल्या पेशी व गुठळी काढून उरणारा द्रव. वॉर्डातल्या मावशींपासून औषधाच्या दुकानदारापर्यंत कोणीही पूर्ण नाव घेत नव्हते. मराठीत त्याला प्रतिविष म्हणावे लागेल. ते घोड्यांच्या रक्तातून काढतात. विषाचा जहालपणा काढून टाकलेले रूप घोड्याला थोड्या थोड्या मात्रेने टोचत जातात, त्याच्या रक्तात प्रतिपिंडे साठली की रक्त काढून त्यातून ती वेगळी करून शुद्ध करतात. आपल्याकडे सर्पदंशावरचे औषधही याच पद्धतीने बनते. लहानपणी कधीतरी मुंबईला परळच्या हाफकिन संस्थेवरून बसने जाताना वडिलांनी "इथे सापाचं औषध करतात" असे सांगितले होते, ते मला त्या खोलीत अचानक आठवले.

मान सुजलेली आणि आजाराचा चौथा दिवस, म्हणून 80,000 युनिट द्यायचे ठरले. दहा हजारांची एक बाटली, म्हणजे आठ बाटल्या. मुलीचे वजन वीस किलोही नव्हते. हा आकडा ऐकून तिचे बाबा गोंधळले आणि एवढ्याशा पोरीला मोठ्या माणसाएवढा डोस कसा, असे त्यांनी विचारले. मुलांच्या प्रत्येक औषधाचा चमचा वजनावर मोजायची सवय असलेल्या आम्हाला मिळालेले उत्तर अनपेक्षित होते. हे औषध मुलीसाठी मोजायचेच नसते, ते विषासाठी मोजायचे असते. पापुद्रा किती पसरला आहे, किती दिवस झाले आहेत आणि मान सुजली आहे का, यांवर मात्रा ठरते. मूल असो वा प्रौढ, तेवढ्याच विषाला तेवढीच प्रतिपिंडे लागतात.

अडचण अशी झाली, की त्या रुग्णालयात एडीएसची एकही बाटली नव्हती. शहरातल्या औषधविक्रेत्यांकडे फोन झाले, कोणाकडेच नव्हती. यात कोणा एकाला दोष देण्यात अर्थ नाही, कारण हे औषध फार थोड्या ठिकाणी बनते, त्याची मुदत संपते, रोज लागत नाही आणि म्हणून कोणी साठवून ठेवत नाही. हे मला आज कळते. त्या दुपारी मात्र रुग्णालयाच्या कॉरिडॉरमध्ये उभी राहून मी मनातल्या मनात सगळ्यांना दोष दिला. डॉक्टरांनी आरोग्य विभागाला कळवले आणि त्यांच्याकडूनही शोध सुरू झाला. आम्ही पुण्याला माझ्या दिरांना फोन केला. ते हडपसरला असतात. तिसऱ्या प्रयत्नात त्यांना एका वितरकाकडे साठा असल्याचे समजले. वितरकाला डॉक्टरांची चिठ्ठी आणि रुग्णालयाच्या लेटरहेडवरचे पत्र हवे होते. दोन्हींचे फोटो पाठवले गेले, आणि चारच्या सुमारास भाऊजी आठ बाटल्या घेऊन मित्राच्या गाडीतून निघाले.

त्यांना फोनवर सूचना अशा होत्या: बाटल्या थंड राहिल्या पाहिजेत, पण गोठता कामा नयेत. म्हणून त्यांनी प्रत्येक बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून थर्माकोलच्या डब्यात ठेवली, बर्फाच्या पिशव्या कडेने लावल्या आणि तो डबा सव्वादोनशे किलोमीटर मांडीवर धरला. मागच्या सीटवर ठेवला तर ब्रेक लागून आपटेल, अशी त्यांना धास्ती होती. भिगवण, इंदापूर, टेंभुर्णी असे ते एकेका ठिकाणाहून कळवत होते आणि मी प्रत्येक वेळी मुलीच्या श्वासाकडे बघत होते. पापुद्रा खाली घशाच्या नळीकडे सरकला तर श्वास अडेल, त्या तयारीसाठी गळ्याला छेद देण्याची सामग्री खोलीबाहेरच्या टेबलावर हिरव्या कापडाखाली झाकून ठेवली होती. ते कापड उचलून आत काय आहे हे पाहण्याचे धैर्य मला झाले नाही. टेंभुर्णी सोडल्यावर भाऊजींचा फोन आला, "वहिनी, बर्फ अजून आहे." एरवी या वाक्याला काय अर्थ असतो!

साडेआठ वाजता डबा आला. बाटल्या लगेच टोचतील अशी माझी समजूत होती, पण तसे करता येत नाही. आधी सिस्टरांनी प्रश्नांची एक माळच लावली. दमा आहे का, अंगावर गांधी उठतात का, घोड्यांजवळ गेल्यावर शिंका किंवा खाज येते का, आणि पूर्वी कधी साप चावून त्यावरचे औषध दिले होते का. शेवटचा प्रश्न मला चमत्कारिक वाटला. नंतर त्याचे कारण कळले, ते पुढे येईल. मग औषध खूप पातळ करून त्याचा एक थेंबभर अंश तिच्या डाव्या हाताच्या कातडीत टोचला, उजव्या हाताला नुसते सलाइन टोचले, आणि दोन्ही फुगीर ठिपक्यांभोवती बॉलपेनने गोल काढला. आता वीस मिनिटे थांबायचे. डावीकडची गांधी पेनाच्या गोलाबाहेर गेली, तर शरीर घोड्याच्या प्रथिनांवर उसळणार असे समजायचे. तसे झाले असते, तर अगदी सूक्ष्म मात्रेपासून सुरुवात करून टप्प्याटप्प्याने वाढवत न्यावे लागले असते आणि रात्र त्यातच गेली असती. मी परीक्षेच्या वर्गात पर्यवेक्षण करताना अनेकदा घड्याळाकडे पाहिले आहे, पण एवढी लांब वीस मिनिटे मला आठवत नाहीत. मुलीला दोन्ही हातांवरचे गोल आवडले. एकाला तिने डोळे काढायला सांगितले, ते सिस्टरांनी साफ नाकारले.

दोन्ही ठिपके सारखेच राहिले. आठ बाटल्या सलाइनमध्ये मिसळून सव्वानऊला थेंब थेंब सुरू केल्या. तीव्र ॲलर्जी उसळली तर लगेच द्यायला ॲड्रेनलिन भरलेली सिरिंज चिकटपट्टीने पलंगाच्या दांड्यालाच लावून ठेवली होती. डॉक्टर पहिला अर्धा तास खोलीतून हलले नाहीत. दीड तासाने तिला थंडी वाजून हुडहुडी भरली, दात वाजू लागले. थेंब थांबवले, इंजेक्शन दिले, दोन ब्लँकेट घातली आणि वीस-पंचवीस मिनिटांनी पहिल्यापेक्षा हळू गतीने पुन्हा सुरू केले. एक वाजता बाटली रिकामी झाली. काहीही घडल्यासारखे दिसले नाही. पापुद्रा तसाच, मान तशीच, ताप तसाच. सिस्टर म्हणाल्या, "बाई, आता झोपा जरा. ह्याचं काम डोळ्याला दिसत नाही."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मानेवरची कातडी किंचित सैल झाली. तिसऱ्या दिवशी जबड्याची कड परत दिसू लागली. पापुद्रा आपोआप कडांनी सुटत गेला. त्याला कोणी ओढले नाही आणि ओढायचेही नसते. चौथ्या दिवशी स्वॅबचा अहवाल आला आणि निदान कागदावरही पक्के झाले. तोवर उपचाराचा मुख्य भाग होऊन गेला होता. अहवालाची वाट पाहिली असती तर काय झाले असते, हे मी कोणालाही विचारले नाही.

मधल्या काळात गावात आरोग्य पथक पोहोचले. घरातल्या सगळ्यांचे आणि तिच्या वर्गातल्या मुलांचे घसे तपासले गेले, जवळ वावरलेल्यांना प्रतिजैविके दिली गेली आणि प्रत्येकाची कार्डे काढून पाहिली गेली. तिच्या दुसरीच्या वर्गात आणखी सात मुलांच्या कार्डावर पाच वर्षांची तीच चौकट कोरी निघाली. माझ्या सहकारी बाईंनी मला हा आकडा फोनवर सांगितला, तेव्हा मी काही बोलू शकले नाही, कारण त्या वर्गाची यादी 2021 मध्ये मीच भरली होती. गावात मात्र वेगळीच चर्चा होती. बाईंच्याच घरात असा रोग कसा, कोणाची नजर लागली, यावर पारावर दोन दिवस खल झाला. माझ्या सासूबाई पंच्याहत्तरीच्या आहेत. त्यांनी घटसर्प हा शब्द ऐकल्याबरोबर पदर तोंडाला लावला होता. त्यांच्या लहानपणी शेजारच्या वाड्यातली दोन भावंडे एकाच आठवड्यात गेली होती. "आमच्या वेळी पोरं बघता बघता गुदमरून जायची गं. औषध हाय हेच ठावं नव्हतं कुणाला," असे त्या म्हणाल्या.

औषध तेव्हाही होते, आणि त्यांच्या जन्माच्या बरेच आधीपासून होते. रुग्णालयात मुलीच्या उशाशी बसून मी मोबाइलवर त्याचा इतिहास वाचला. 1888 मध्ये पॅरिसला रू आणि येर्सिन या शास्त्रज्ञांनी दाखवले, की जंतू गाळून काढलेल्या द्रवानेही प्राण्यांना तोच आजार होतो, म्हणजे मारणारी गोष्ट जंतूंपासून वेगळी आहे. 1890 मध्ये बर्लिनला बेरिंग आणि किटासाटो यांनी धनुर्वात आणि घटसर्प या दोन्हींसाठी दाखवून दिले, की प्रतिकारक्षम झालेल्या प्राण्याच्या रक्तातील सिरम दुसऱ्या प्राण्याला विषापासून वाचवते. वैद्यकशास्त्राचे पहिलेच नोबेल पारितोषिक 1901 मध्ये बेरिंग यांना मिळाले ते याच कामासाठी. मला मात्र कोपनहेगनचे डॉक्टर योहानेस फिबिगर यांचा 1898 मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग सर्वांत जवळचा वाटला. त्यांनी एक दिवस दाखल होणाऱ्या सगळ्या रुग्णांना सिरम द्यायचे आणि दुसऱ्या दिवशीच्या रुग्णांना नेहमीचेच उपचार करायचे, असे वर्षभर पाळले. सिरम मिळालेल्या 239 जणांपैकी 8 दगावले, न मिळालेल्या 245 जणांपैकी 30. हे आकडे वाचताना मी शिक्षिका म्हणून टक्केवारी काढली आणि आई म्हणून, ते तीस कोणत्या वारी दाखल झाले असतील याचा विचार करत राहिले.

1925 च्या हिवाळ्यात अलास्कातील नोम या गावात घटसर्प पसरला, तेव्हा नेनाना येथून वीस चालकांनी कुत्र्यांच्या घसरगाड्या बदलत बदलत सुमारे 1,085 किलोमीटर अंतर साडेपाच दिवसांत कापून तीन लाख युनिट सिरम पोहोचवले होते. त्यांनीही बाटल्या गोधड्यांत गुंडाळल्या होत्या, पण तिथे चिंता उलटी होती, थंडीने औषध गोठू नये ही. भाऊजींना ही हकीकत सांगितली, तेव्हा ते म्हणाले, "आपल्याकडे कुत्री नव्हती, टेंभुर्णीचा टोलनाका होता." हसण्यावारी नेले तरी एक गोष्ट खरी, की शोधाशोध अजून संपलेली नाही. 2015 मध्ये स्पेनमधील ओलोत या गावातल्या लस न घेतलेल्या सहा वर्षांच्या मुलाला घटसर्प झाला, तेव्हा त्या देशात प्रतिविषाची बाटली नव्हती. ती रशियातून आणावी लागली आणि तो मुलगा वाचला नाही. जगात नोंद होणाऱ्या घटसर्पाच्या रुग्णांत आपल्या देशाचा वाटा अनेक वर्षे मोठा राहिला आहे. निदान आपण तरी बाटल्या हाताशी ठेवायला हव्यात, एवढे मत मांडण्याचा अधिकार मला आता आहे असे मी समजते.

नवव्या दिवशी मुलीच्या गुडघ्यांवर आणि पोटावर लाल गांधी उठल्या, पुन्हा ताप आला आणि मनगटे दुखू लागली. आजार उलटला या कल्पनेने मी धावत गेले. डॉक्टरांना यात काहीच अनपेक्षित नव्हते. घोड्याची प्रथिने शरीराला परकीच असतात. आठ-दहा दिवसांत मुलीचे शरीर त्यांच्याविरुद्ध स्वतःची प्रतिपिंडे तयार करू लागते आणि दोहोंच्या झटापटीत हा ताप येतो. चार दिवसांत तो गेला. पण याचसाठी तिच्या कागदांवर लाल शाईने लिहून मिळाले, की हिला घोड्याचे सिरम दिलेले आहे. उद्या शेतात साप चावून सर्पदंशाचे औषध द्यायची वेळ आली, तर ही ओळ आधी दाखवायची. सिस्टरांच्या त्या प्रश्नाचा उलगडा मला तेव्हा झाला. धनुर्वातासाठी आता माणसांच्याच रक्तातली प्रतिपिंडे मिळतात, अँथ्रॅक्सच्या विषासाठी प्रयोगशाळेत बनवलेल्या प्रतिपिंडांना अमेरिकेत 2012 मध्ये मान्यता मिळाली, परंतु घटसर्पासाठी अजून घोड्यावाचून चालत नाही, असे डॉक्टर म्हणाले.

यानंतर आतल्या ठिपक्यांची पाळी आली. अकराव्या दिवशीच्या ईसीजीत हृदयातला संदेश वरच्या कप्प्यांकडून खालच्या कप्प्यांकडे पोहोचायला नेहमीपेक्षा जास्त वेळ घेतो आहे, असे दिसले. घटसर्पाचे विष हृदयाच्या स्नायूला धरते आणि आजारातून उठलेले मूल दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात खेळता खेळता कोसळू शकते. म्हणून तिला पलंगावरून पाय खाली ठेवायची बंदी झाली. भूक लागलेल्या, कंटाळलेल्या, अंगात ताप नसलेल्या सात वर्षांच्या मुलीला दोन आठवडे उताणी निजवून ठेवणे हे त्या संपूर्ण आजारातले सर्वांत कष्टाचे काम होते, आणि त्यासाठी कोणतीही बाटली मिळत नाही. आम्ही पाढे म्हटले, भेंड्या खेळलो, छतावरच्या पंख्याच्या पात्यांवरची धूळ किती बोटे असेल यावर पैजा लावल्या. तिने एकदा विचारले, की माझ्यासाठी रक्त देणाऱ्या घोड्याला दुखले असेल का. मी म्हणाले, थोडे दुखले असेल. दररोज सकाळी तारा चिकटवल्या जात आणि मी कागदावरच्या त्या लाटांकडे, वाचता येत नसूनही, पाहत बसे. सुदैवाने तो दोष वाढला नाही आणि हळूहळू मागे गेला.

औषधाचा चौदा दिवसांचा क्रम संपल्यावर एकापाठोपाठ घेतलेले दोन स्वॅब जंतुरहित आले, तेव्हा तिला वेगळ्या खोलीतून बाहेर काढले. घरी जाण्याच्या दोन दिवस आधी तिने बाबांना हाक मारली आणि मला ती 'मामा' अशी ऐकू आली. आधी वाटले, थट्टा करते आहे. मग तिने भाकरी मागितली, ती 'माकरी' झाली, आणि पाणी पिताना अर्धे नाकातून बाहेर आले. पहिलीच्या मुलांना मी ओठ मिटून 'ब' आणि 'म' यांतला फरक शिकवते. 'ब' म्हणताना टाळूचा मागचा मऊ भाग उचलला जाऊन नाकाची वाट बंद होते, 'म' म्हणताना ती उघडी राहते. तिच्या टाळूच्या नसा विषाने लुळ्या पडल्या होत्या, दार बंदच होत नव्हते, त्यामुळे तिचा प्रत्येक 'ब' 'म' होत होता. डॉक्टरांनी तिला 'आ' करायला लावून टाळू हलत नसल्याचे दाखवले आणि सांगितले, की हे विष सिरम देण्यापूर्वीच नसांत शिरलेले होते, त्याचा परिणाम आता दिसतो आहे, आणखी सिरम देऊन त्यावर काही होणार नाही, आणि नसा आपल्या गतीने भरून येतात. बुधवारऐवजी सोमवारी बाटल्या मिळाल्या असत्या तर हे टळले असते का, असे मी विचारले. ते म्हणाले, "कदाचित." हे उत्तर प्रामाणिक होते.

घरी सगळे पातळ पदार्थ बंद झाले. लापशी, घट्ट वरण-भात, मऊ खिचडी, दह्यात कुस्करलेली भाकरी, आणि प्रत्येक घास मान खाली घालून गिळायचा. सासूबाईंनी हे काम स्वतःकडे घेतले. सहाव्या आठवड्याच्या सुमारास एका सकाळी ओसरीवरून "बाबा, चप्पल" अशी हाक आली. 'ब' अजून थोडा नाकातला होता, पण तो 'ब' होता. तिचे बाबा चप्पल हातात घेऊन तसेच उभे राहिले आणि त्यांनी तिला ती हाक आणखी चार वेळा मारायला लावली.

घटसर्प होऊन गेला, तरी शरीर पुढच्या वेळेसाठी पुरेशी प्रतिपिंडे तयार करेलच याची खात्री नसते, आणि घोड्याची उसनी प्रतिपिंडे काही आठवड्यांत संपून जातात. म्हणून तिला लस घ्यावीच लागली. जानेवारीत शाळेत पथक आले, तेव्हा मी यादी घेऊन नेहमीच्या जागी बसले होते आणि ती त्या सात मुलांबरोबर रांगेत होती. तिची पाळी आल्यावर तिने सिस्टरांना विचारले, "हे घोड्याचं आहे का?"

"नाही गं, ह्याच्यात घोडा नाही. आता तुझं तुलाच बनवायचंय."

तिने बाही वर केली, थोडा विचार केला आणि हात पुन्हा मागे घेतला. "मग आधी पेनाने गोल काढा की," ती म्हणाली.